तीनशे मीटर खालचा मासा

मित्रांनो, पोहरा म्हटला की तुम्हाला पाणीच आठवणार. मी तेलाचा पोहरा आहे, तोही जुना, आणि अजून कामावर आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या अंगावरचे पोचे बघून लोक उगाच हळहळतात.

एका टाकून दिलेल्या पाइपातून माझा जन्म झाला. उंची दोन पुरुष, जाडी तुमच्या मांडीएवढी. तळाशी एक झडप आहे. तेलात बुडालो की ती उघडते, वर ओढलं की मिटते. एवढीच माझी विद्या, पण तिच्यावर अकरा घरं जेवतात.

जावा बेटावरच्या सागाच्या टेकड्यांत आमची विहीर आहे. विहीर म्हणजे तीनशे मीटर खोल गेलेली एक अरुंद नळी. वर सागाच्या ओंडक्यांची तिवई, तिच्या टोकाला कप्पी आणि माझा तारेचा दोर ओढायला एका जुन्या ट्रकचं इंजिन. त्या ट्रकला आता चाकं नाहीत, तरी तो दिवसभर धावतो.

जगभर तेल पिंपांत मोजतात म्हणे. आमच्याकडे माझ्या खेपांत मोजतात. "आज किती?" असं कुणी विचारलं की रास्मिनी म्हणायची, "साठ खेपा, आणि चिखल फुकट!" नवरा गेल्यापासून विहिरीचा कारभार तीच बघते. इंजिनावर तिचा दीर, वागिमान.

माझ्यापासून बारा मीटरवर दोराला एक चिंधी बांधलेली असे, रास्मिनीच्या जुन्या बाटिक लुगड्याची. चिंधी विहिरीच्या तोंडातून बाहेर आली की वागिमान इंजिनाचा जोर सोडायचा आणि मी सावकाश वर यायचो. आमच्या टेकडीवर सगळ्या विहिरींची हीच रीत.

एकदा दोराचं खालचं टोक झिजलं. वागिमानने ते सात मीटर कापून टाकलं, मला उरलेल्या दोराला बांधलं आणि कॉफी प्यायला गेला. चिंधी होती तिथेच राहिली. पुढच्या खेपेला ती दिसताच त्याने नेहमीसारखा जोर सोडला, पण आता मी तिच्यामागे पाचच मीटरवर होतो. मी धडाडत बाहेर आलो, कप्पीवर डोकं आपटलं, दोर तुटला आणि मी थेट तळाला गेलो.

पुढचं बोलणं नळीतून माझ्यापर्यंत पोचत होतं, बाकीचं वर आल्यावर लोकांच्या गप्पांतून कळलं. रास्मिनी तेव्हा तेल साठवायच्या खड्ड्यात तेलाखाली बसलेलं पाणी सोडून देत होती. आवाज ऐकून ती धावत आली, तर वागिमान म्हणाला, "पोहरा म्हातारा झालाय, वहिनी. वाकला होता. पाइपात अडकला, म्हणून दोर तुटला."

मित्रांनो, मी वाकलो नव्हतो. मला फार राग आला होता.

आमच्या धंद्यात विहिरीत पडलेल्या वस्तूला मासा म्हणतात आणि ती काढण्याला मासेमारी. मासा निघाला नाही तर विहीर मारतात, म्हणजे तिच्यात सिमेंट ओतून तिला कायमची बुजवतात. अकरा घरांतली निम्मी माणसं त्याला तयार होती. रास्मिनीने पुढच्या लेगी शुक्रवारपर्यंत, म्हणजे आमच्या पंचांगात पस्तीस दिवसांनी येणाऱ्या शुभ शुक्रवारपर्यंत, मुदत मागून घेतली.

"नऊ दिवसांत काय होणार, वहिनी?"

"तू गळ टाकत राहा. काय होतं ते मी बघते."

ट्रकच्या पाट्यापासून तिने गळ करून घेतला. वागिमान पहाटेपासून दिवे लागेपर्यंत तो सोडायचा, फिरवायचा, ओढायचा. हाताची सालटी निघाली, तरी तो इंजिनावर दुसऱ्या कुणाला बसू देईना. तिसऱ्या दिवशी गळ माझ्या डोक्यावरच्या, दोर बांधायच्या कडीला चाटून गेला. सातव्या दिवशी अडकला आणि निम्म्या वाटेत सुटला. मी पुन्हा पडलो, पण उभाच पडलो. कडी वर ठेवायची, एवढंच माझ्या हातात होतं.

नवव्या दिवशी दुपारी मी उजेडात आलो.

सगळे ओरडले, नाचले. वागिमान मात्र माझ्याकडे बघत राहिला. मी सरळसोट होतो आणि माझ्या डोक्यावर कप्पीचा खोल ठसा होता.

"वहिनी," तो म्हणाला, "पोहरा अडकला नव्हता. मी दोर कापला आणि चिंधी हलवायची विसरलो."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुटल्या टोकापासून चिंधी पाच मीटरवर होती. माझंच लुगडं मला दिसणार नाही होय रे?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू तोंड लपवून घरी बसला असतास. मासा कुणी काढला असता, तुझ्या आजोबांनी?"

तो रडत रडत हसला. रास्मिनीने केळीच्या पानावर भात आणला. पहिला घास विहिरीला ठेवला, दुसरा त्याच्या सोललेल्या हातावर. माझा राग तिथेच निवला.

ठसा घालवून देऊ का, असं वेल्डर विचारत होता. वागिमानने त्याला हात लावू दिला नाही.

मित्रांनो, मी आजही दिवसाला साठ खेपा करतो आणि झडप धड आहे तोवर करीन. आम्हा वस्तूंना तेल द्या, आमची झीज वेळेवर बघा. आणि तुमची चूक झाली तर ती आमच्या म्हातारपणावर ढकलू नका. परवाच दोर पुन्हा कापावा लागला. वागिमानने इंजिन बंद केलं, माझ्या डोक्यावरच्या ठशावरून अंगठा फिरवला आणि सगळ्या टेकडीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "वहिनी, चिंधी हलवायचीय!"