कारभारीमामाचा हरभरा

नाशिकच्या एका प्रयोगशाळेत मी काचेच्या बश्या धुतो. त्या बश्यांत हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी वाढवतात. ती मातीत राहते, मुळातून शिरते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. मी बारावी नापास. पण धुता धुता एवढं कळलं की बुरशीचं नाव एकच असलं तरी गावोगावची बुरशी सारखी नसते. कुठली कापसासारखी पांढरी, कुठली जांभळट. एकीपुढे ताठ उभा राहणारा हरभरा दुसरीपुढे पंधरा दिवसांत मान टाकतो.

माझी आत्या विमलाबाई हरसूलकडे राहते. तिचा नवरा कारभारीमामा भात निघाला की ओलीवर हरभरा पेरायचा. मर लागलेल्या वाफ्यात जी झाडं जगली, त्यांचंच बी राखेत घालून डब्यात ठेवायचा. तीस वर्षं हेच. पाव डबा कायम मागे राखलेला. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या शेतातली माती आणि मूठभर बी प्रयोगशाळेत नेलं. त्या मातीतल्या बुरशीने एकही झाड मेलं नाही. साहेब म्हणाले, "वा." झाडं उपटून जाळली, कागद फायलीत गेला. बी जपायचं साहेबांना सुचलं नाही. मला सुचलं, पण बश्या धुणाऱ्याला विचारतो कोण.

मामाला मात्र मी ऐटीत सांगून आलो, "तुमच्या हरभऱ्याला मर नाही."

गेल्या भादव्यात मामा गेला. कार्तिकात गावाने आत्यासाठी इर्जिक केली. सगळ्यांनी अवजारं घेऊन यायचं, एका दिवसात शेत करून द्यायचं, बदल्यात फक्त जेवण. बौद्धवाड्यातल्या घरासाठी इर्जिक मी पहिल्यांदाच बघत होतो. गावातला संतोष ट्रॅक्टर घेऊन आला, वर दोन ट्रॉल्या शेणखत. त्याच्या बापाने मामाच्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं.

खत पसरताना मला त्यात अर्धवट कुजलेली हरभऱ्याची झाडं दिसली. संतोषचं पीक सलग दोन वर्षं मरीने गेलेलं, हे मला माहीत होतं. मी चुलीपाशी गेलो.

"आत्या, हे खत नको घेऊ."

"येडा हायेस का प्रफुल्ल? लोक पयल्यांदा आपल्या दारात जेवणार, अन् त्यांचं खत परत धाडू?"

"त्यात मर असेल."

"तूच म्हनला ना, आपल्या हरभऱ्याला मर नाय?"

म्हणालो होतो. कुठल्या मातीतली मर, ते सांगितलं नव्हतं. आताही नाही सांगितलं. संतोषचं खत नाकारायची माझीही छाती झाली नाही.

तो पंगतीत बसला. दोनदा आमटी मागून घेतली. "काकू, असली आमटी आमच्यात होत नाय. बायकोला नका सांगू." सगळे हसले. आत्या डोळे पुसत वाढत होती. त्या आनंदात तिने मागे राखलेला पाव डबाही पेरायला दिला.

पौषात शेत वाळलं. मी एक खोड उभं चिरलं, आत मरीची काळी रेघ. बशीत जांभळट बुरशी आली; मामाच्या मातीतली पांढरी होती. साहेब खूश झाले. "वेगळी दिसते, जपून ठेव." नळीवर आत्याच्या गावाचं नाव घालून ती फ्रीजमध्ये गेली. मारणारीला फ्रीज मिळाला, मामाच्या बियाला मूठभर जागा मिळाली नव्हती.

आत्याला मी सगळं सांगितलं. माझ्या गप्प बसण्यासकट. ही बुरशी आता त्या मातीत वर्षानुवर्षं राहणार, तेही.

"संतोषला बोल्लास?"

"नाही."

"नको बोलू. जेवलाय तो आपल्यात."

"त्याच्या एका जेवणापायी मामाची तीस वर्षं गेली, आत्या."

"तुझा मामा त्याच जेवणाची वाट बघत गेला," ती म्हणाली.

मग तिने डब्यातली राख परातीत ओतली आणि बोटांनी चाचपू लागली. मीही समोर बसलो. कितीतरी वेळ आम्ही राख चाचपत होतो. एखादा दाणा सापडलाच, तर तो पेरायचा कुठे, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.