कलत्या दगडांवरचे खांब

“मास्तर, खांब सरळ हायेत. तुमचीच नजर तिरकी झाली,” असं म्हणून अब्बास मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

मी नाशकात तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. रेघ वाकडी आली म्हणून मी पोरांच्या बोटांवर फूटपट्ट्या मोडल्या आहेत. आता त्याचं वाईट वाटतं, पण मोडल्या हे खरं. अशा माणसाच्या नजरेला कुणी तिरकी म्हटलं तर त्याला झोंबणारच. गंगापूर रस्त्यावरच्या माझ्या बागेला कमरेएवढी भिंत होती, ओबडधोबड काळ्या दगडांची, माथा कुठे वर तर कुठे खाली. शेळ्यांना ती भिंत म्हणजे जिनाच. माझे गुलाब खाऊन त्या आल्या वाटेनं परत जायच्या. म्हणून छत्तीस सालच्या हिवाळ्यात भिंतीवर बावीस लोखंडी खांब रोवून तार ओढायचं ठरवलं आणि अब्बासला बोलावलं. दगडात भोक पाडायचं, खांब ओळंब्यात उभा धरायचा आणि भोकात वितळलेलं शिसं ओतायचं, या कामात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

चार दिवसांत चार खांब झाले होते. एक रस्त्याकडे कललेला, दुसरा बागेकडे, उरलेले दोघे पंगतीत पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे एकमेकांवर रेललेले. उद्यापासून येऊ नका, हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात त्याची बायको गुलजारबी भाकरी घेऊन आली. एरवी ती त्याच्या प्रत्येक कामावर दिवसभर बसून असायची, आणि लोक त्यावरून थट्टाही करायचे. हे चार दिवस मात्र ती मालेगावला भाचीच्या बाळंतपणाला गेली होती. तिनं खांब पाहिले आणि जागच्या जागी थबकली. मग विहिरीवर पाणी आणायला म्हणून माझ्या मागोमाग आली.

“मास्तर, त्यांना दिसत नाय,” ती हळूच म्हणाली. “दोन साल झाले. मोतीबिंदू हाय. ओळंब्याचं सूत मी बघते, मी सांगते, तवा ते खांब धरतात.”

“आणि मी नव्हतीस तर... तू नव्हतीस तर कशावर धरले?” मी चिडून विचारलं. चिडलो की माझी जीभ अडखळते.

“हातानं. दगडाच्या माथ्यावर तळवा ठेवला असंल आन् त्याला काटकोनात खांब उभा केला असंल.”

मग सगळं लक्षात आलं. घडीव दगडावर ही युक्ती चालली असती. माझ्या भिंतीचा एकही दगड सपाट नव्हता. ज्याचा दगड कलता, त्याचा खांब कलता.

“कंत्राटदार यादवशेठच्या कानावर घालू नका,” ती म्हणाली. “सालभर काम तेच देतात. पुढल्या महिन्यात घाटावर धर्मशाळेचा कठडा हाय. आंधळा मिस्त्री म्हणून नाव झालं तर कोण बोलवंल? आन् मी तुमाला सांगितलं, हे त्यांना कळू देऊ नका. आमी दोघं त्यावर कधी बोललो नाय.”

दोन वर्षं ती सांगत होती आणि तो ऐकत होता, आणि दोघांनीही त्या गोष्टीचं नाव काढलं नव्हतं. माझा राग निवळला. मी पाण्याचा तांब्या भरून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बासनं तिला विचारलं, “देख, सीधे हैं ना?”

“सीधे हैं,” ती म्हणाली.

फार लवकर म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्या कुठल्याच कामाला एका दमात बरं म्हणाली नसावी. ते त्याला खटकलं असावं. मग त्यानं पहिल्या खांबाच्या टोकाला ओळंबा सोडला, आणि एक हात सुतावरून, एक खांबावरून असा वरून खाली आणला. वर दोन्ही हात एकमेकांना लागून होते. तळाशी येईस्तोवर त्यांच्यात चार बोटांचं अंतर पडलं. तो चारही खांबांपाशी जाऊन आला. आम्ही दोघं गुन्हेगारांसारखे उभे होतो.

“मास्तर, तुमची नजर चांगली हाय,” एवढंच तो म्हणाला, आणि छिन्नी घेऊन भोकातलं शिसं कोरायला बसला.

चारही खांब निघाले. दुपारी पहिला खांब पुन्हा उभा करताना गुलजारबी खालून सांगू लागली. पण त्या वेड्यावाकड्या भिंतीपाशी खालून दोन्ही बाजू नीट दिसेनात. तेव्हा अब्बास म्हणाला, “तू चढ.” ती पदर खोचून भिंतीवर चढली. बोट घालून तिनं भोक कोरडं आहे का पाहिलं, कारण ओल असली की शिसं तोंडावर उडतं. सुताला डोळा लावला, खांब स्वतः धरला आणि पळीनं शिसंही स्वतःच ओतलं. तो खालून एकेक वस्तू चाचपून वर देत होता. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते.

तिसऱ्या दिवशी, नववा खांब चालू असताना, यादव कंत्राटदार सायकलवरून आला. धर्मशाळेच्या कठड्याचं बोलायला आला होता. एक पाय जमिनीवर टेकून तो बघतच राहिला. आयुष्यात फारसं खोटं बोललो नाही, पण त्या वेळी तयारीत होतो. मिस्त्रीची कंबर धरली आहे, आजच्या दिवस बायको मदत करते आहे, असं सांगणार होतो.

“काय अब्बास, हे काय चाललंय?” यादव हसत म्हणाला. “मिस्त्री कोण इथं?”

गुलजारबीचा हात थांबला. ती उतरायला वाकली.

“उतरू नको,” अब्बास म्हणाला. मग आवाजाच्या दिशेनं तोंड करून, माझ्या अंगणापर्यंत ऐकू येईल असं स्वच्छ बोलला, “मिस्त्री वर हाय, शेठ. मला दिसत नाय. दोन साल तुमची सगळी कामं तिच्याच नजरेनं झाली. कठड्याचं तिला विचारा.”

यादवचं हसू मावळलं. त्यानं अब्बासच्या डोळ्यांकडे पाहिलं, वर तिच्याकडे पाहिलं. “बरं, बघू,” म्हणाला आणि सायकल वळवली. कठड्याचं काम दुसऱ्याला गेलं, हे मला पुढे कळलं.

तो दिसेनासा झाला तरी गुलजारबी खांब धरून तशीच उभी होती. अब्बासनं पायाशी चाचपलं, पळी हाताला लागली, ती त्यानं वर धरली.

“शिसं थंड होतंय, मिस्त्री,” तो म्हणाला.