रुद्राक्षातला कीबोर्ड

औशाच्या मंगल कार्यालयात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांचे गज धरून बाहेरही माणसं लोंबकळत होती. व्यासपीठावर एक संगणक, त्यामागे भिंतीएवढा पडदा आणि शेजारी चांदीच्या मुलाम्याच्या खुर्चीत यंत्रेश्वर महाराज.

"बघून घ्या!" महाराज गरजले. "ह्या यंत्राला कीबोर्ड न्हाई, माऊस न्हाई, हात लावणारा माणूस न्हाई. आता ह्यात फक्त शिवतत्त्व सोडायचं. कॉस्मिक व्हायब्रेशन! अमेरिकेचे शास्त्रज्ञ पन्नास वर्षं हेच शोधून राहिले, पण त्यांच्यापाशी रुद्राक्ष कुठाय?"

त्यांनी गळ्यातला मोठा रुद्राक्ष काढला. त्याच्या एका टोकाला धातूची चपटी जीभ होती. ती त्यांनी संगणकात खुपसली. मग पडद्यावर एकेक अक्षर आपोआप उमटू लागलं.

'गुरम्मा, पुढे ये.'

सभागृह हादरलं. पुढच्या रांगेतून गुरम्मा मावशी हात जोडून उठल्या. माझ्या दुकानामागच्या गल्लीतच त्या राहतात. दहा वर्षांपासून रोज इन्सुलिनची सुई घेतात. दारातच स्वयंसेवकांनी सगळ्यांकडून नाव आणि दुखणं चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं, हे त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही.

'सुई हे विष आहे. आजपासून सोड. विभूती घे.'

जयघोषाने छताचे पत्रे दणाणले. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. तो रुद्राक्ष मीच बनवला होता.

मी संगमेश्वर. बसस्थानकाजवळ माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी महाराजांचे शिष्य शेषेराव बिनवायरीचा कीबोर्ड घेऊन आले होते. अशा कीबोर्डबरोबर नखाएवढा एक तुकडा मिळतो. तो संगणकात लावला, की काही पावलांवरच्या कीबोर्डवर दाबलेली अक्षरं हवेतून त्याच्यापर्यंत पोचतात. "हा तुकडा रुद्राक्षात बसवून द्या," शेषेराव म्हणाले. "भजनाचे शब्द पडद्यावर दाखवायचेत. महाराजांना प्लास्टिक चालत न्हाई." मी रुद्राक्ष कोरला, तुकडा आत बसवला, वरून लाखेने बुजवला. काम इतकं सफाईदार झालं की मी त्याचा फोटो काढून ठेवला.

आता मला तिथेच ओरडायला हवं होतं. मी ओरडलो नाही. 'हे कुणी बनवलं?' असं लोक विचारतील, याची भीती वाटली. मावशी काही खरंच सुई सोडणार नाहीत, अशी मी मनाची समजूत घातली. घरी जाताना त्या माझ्यासोबतच चालत होत्या.

"संगमेश्वरा, बघितलंस न्हवं? माझं नाव घेतलं रे त्यानं!"

"हो, मावशी," मी म्हणालो. एवढंच.

सोमवारी जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिका बुद्धप्रिया मॅडम दुकानात आल्या. "सर, कीबोर्ड नसताना अक्षरं कशी येतात? शाळेतली मुलं विचारून राहिलीत."

"काहीतरी सॉफ्टवेअर असेल," मी मान वर न करता म्हणालो.

"तुम्हाला माहीत नसेल असं वाटत नाही मला," म्हणाल्या आणि गेल्या.

शुक्रवारी मावशींना बेशुद्धावस्थेत लातूरला हलवलं. सुई त्यांनी खरंच सोडली होती, साखर बेफाम वाढली होती. पायाची जुनी जखम सडली होती. जीव वाचला, पण डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मंगळवारी मी भेटायला गेलो. पायाला बांधलेल्या पट्टीकडे मला बघवेना. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

मावशी म्हणाल्या, "म्हंजे मी इचारलं, तवा तुला ठावं हुतं?"

"होतं."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिथून मी थेट बुद्धप्रिया मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "मी दुकानात आले त्या दिवशी मावशी घरीच होत्या?"

"होत्या."

"चालत्याफिरत्या?"

"हो."

"गुरुवारच्या सभेत बोलायचं," त्या म्हणाल्या. "मी सोबत येईन. पण माझ्या नाही, तुमच्या तोंडून."

गुरुवारी पुन्हा तीच गर्दी. मॅडमनी दारात चिठ्ठी दिली होती. महाराजांनी रुद्राक्ष लावला आणि अक्षरं धावू लागली: 'बुद्धप्रिया, तुझ्या मनात शं'

नेमकं तेव्हाच मी व्यासपीठालगतच्या, वधूपक्षाला देतात त्या खोलीचं दार सताड उघडलं. आत शेषेराव मांडीवर कीबोर्ड घेऊन बसले होते. समोर चिठ्ठ्यांचा ढीग. त्यांची बोटं हवेत राहिली, आणि पडद्यावरचं वाक्यही तिथेच अडकलं.

"नास्तिकांची बाधा झाली!" महाराज किंचाळले. "व्हायब्रेशन तुटलं!"

मी कीबोर्ड हिसकावून बाहेर आणला, सगळ्यांसमोर धरला आणि टाइप केलं. पडद्यावर माझी अक्षरं उमटली: 'हा रुद्राक्ष मी, संगमेश्वरने, बनवला.'

मागून कुणीतरी शिवी दिली. ती माझ्यासाठीच होती.

मॅडमनी सोबत आणलेला माऊस जोडून संगणकाला लागलेल्या उपकरणांची यादी पडद्यावर उघडली. रुद्राक्ष काढला, यादीतली एक ओळ गेली. परत लावला, ओळ आली. त्या ओळीत लिहिलं होतं: कीबोर्ड.

मी माइक घेतला. "पूर्वी संगणकाला प्रत्येक वस्तूसाठी वेगळं भोक असायचं. कीबोर्डला गोल, प्रिंटरला पंचवीस पिनांचं रुंद. एकाचं दुसऱ्याला लागत नसे. मग तीसेक वर्षांपूर्वी कंपन्यांनी एकत्र बसून सगळ्यांसाठी एकच जोडणी ठरवली. तीच ही यूएसबी. साध्या जोडणीत चार तारा असतात. दोन वीज देतात, दोन बोलतात. काहीही लावलं की संगणक आधी विचारतो, तू कोण? वस्तू ठरलेल्या भाषेत उत्तर देते: मी माऊस, मी प्रिंटर, मी कीबोर्ड. ह्या रुद्राक्षाने सांगितलं, मी कीबोर्ड. संगणकाने मानलं. बस्स. ह्यात देव नाही. आत शेषेराव आहेत."

पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठले. "मंग आमच्या चिठ्ठ्या वाचून हेच लिहीत हुते?"

"हो, काका."

"आन् गुरम्माच्या वक्ती तू बी मागं हुतास न्हवं? दोन आठवडे काय करून राहिलास?"

मी माइक खाली ठेवला.

पोलिसांत जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. जबाबात रुद्राक्ष बनवणारा म्हणून पहिलं नाव माझं आहे, मी तसंच लिहायला सांगितलं. आता मॅडमसोबत मी गावोगावच्या शाळांत जातो, तसाच रुद्राक्ष मुलांच्या हातात देतो, फोडून दाखवतो. मावशी घरी आल्या आहेत. माझ्याशी बोलत नाहीत.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. पडद्यावर तुमचं नाव उमटलं, तर हात जोडण्याआधी विचारा, लिहितंय कोण? डॉक्टरांनी दिलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि युक्ती ज्याला ठाऊक आहे, त्याने लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी तोंड उघडावं. मी लोकांसमोर चौदा दिवस गप्प बसलो. त्यातले पहिले सात दिवस गुरम्मा मावशी आपल्या पायांनी चालत होत्या.