ओझं टेकायचा दगड

यशोवर्धनला जुन्या वास्तूंचं वेड होतं, आणि वेड लागलेल्या माणसाला आपणच तेवढे शहाणे असं जे वाटतं ते त्यालाही वाटायचं. आठवडाभर महादेवपुऱ्यातल्या कंपनीत कॉम्प्युटर बडवायचा आणि सुट्टीला मित्रांना घेऊन होसकोट्यापलीकडची गावं पालथी घालायची. कुठे खांबांचं जुनं घर, कुठे कौलारू चर्च, कुठे झुडपात पडलेला वीरगळ. रस्ता रुंद करताना एका चर्चची कमान पाडली, तेव्हा हा पठ्ठ्या कितीतरी दिवस धड जेवला नव्हता.

त्यामुळे त्याच रस्त्यावरचा होरेगल्लु वाचवायची वेळ आली तेव्हा त्याने कुणालाही विचारलं नाही.

होरेगल्लु म्हणजे ओझं टेकायचा दगड. दोन उभ्या शिळा आणि त्यांच्यावर एक आडवी, माणसाच्या डोक्याच्या उंचीला. डोक्यावर भारा घेऊन एकट्याने चालणाऱ्याला तो उतरवून द्यायला कुणी नसतं. त्याने शिळेला भिडून उभं राहायचं, मान जराशी पुढे सरकवायची, भारा वर जाऊन बसतो. हा दगड यशोवर्धनच्याच घराण्याने बसवलेला. शेकडो वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात येऊन राहिलेल्या या मराठी घरातली एक सून, दिवस भरत आलेली, नाचणीचं गाठोडं डोक्यावर घेऊन त्या वाटेने निघाली होती. उतरवून द्यायला कुणी भेटलं नाही. ती वाटेतच गेली, पोटातल्या जिवासकट. तिच्या नावाने दगड उभा राहिला.

एवढं यशोवर्धनला पाठ होतं. मित्रांना सांगताना तो आवाजही खाली आणायचा. पुढचं मात्र त्याला ठाऊक नव्हतं, कारण पुढचं सगळं बायकांचं होतं.

घरातल्या लेकीला सातवा महिना लागला की थोरली बाई नाचणीचं गाठोडं घेऊन निघायची. बसमध्ये मांडीवर, चालताना डोक्यावर. जमिनीला लावायचं नाही, वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही. दगडावर टेकवायचं, सावलीत बसून घोटभर पाणी प्यायचं, मग घरी आणून त्याची आंबील लेकीला पाजायची. घरातल्या पुरुषांना फक्त ‘गावी जाऊन आली’ एवढंच कळायचं, आणि त्यांनीही कधी जास्त विचारलं नाही.

यशोवर्धनची बहीण हर्षिता. मागच्या खेपेला तिच्या सातव्यात सगुणाबाई आत्या पाय मोडून हॉस्पिटलात पडली होती. गाठोडं गेलं नाही, आणि हर्षिताचं मूल राहिलं नाही. डॉक्टरांनी कारण नीट समजावून सांगितलं. हर्षिताने मान डोलावली, पण मनात दगडच धरून बसली. आता पुन्हा सातवा लागला होता, रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठू नको म्हणून बजावलं होतं. आत्या गाठोडं घेऊन निघाली तेव्हा म्हणे हर्षिता कितीतरी दिवसांनी हसली.

दुपारी यशोवर्धनचा फोन वाजला. आत्या होती. बसमधून उतरून ती दगडाच्या जागेवर पोचली होती आणि तिथे नुसता खड्डा होता.

“यशो, दगड नाही रे इथे,” ती म्हणाली. “कोणी नेला, चौकशी कर स्वल्प. मी उभीच आहे.”

चौकशी कसली करणार? दगड त्याच्याच ऑफिसच्या आवारात होता. घराण्याचा वारस म्हणून सही त्यानेच ठोकली होती, क्रेन कंपनीने दिली होती, आणि आत्याला एके दिवशी आणून चकित करायचा त्याचा बेत होता. त्याने गाडी काढली. होसकोट्यापर्यंतचा रस्ता आज कधी नव्हे तो मोकळा मिळाला, तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

चहावाल्याने बाक पुढे केलेला, पण आत्या उन्हात उभी होती. डोक्यावर गाठोडं, एक हात त्याला लावलेला. पाय मोडल्यापासून ती फार वेळ उभी राहू शकत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गाडीत तिने गाठोडं मांडीवर घेतलं आणि यशोवर्धनने दगड आपणच नेल्याचं सांगून टाकलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“सरी, ठीक आहे,” एवढंच म्हणाली. “जिथे आहे तिथे ने.” मग वाटेत तिने गाठोड्याची सगळी रीत त्याला सांगितली.

एक गोष्ट मात्र त्याने सांगायची ठेवलीच होती. 

कँटीनसमोरच्या हिरवळीवर दगड होता, शेजारी घराण्याच्या नावाची चकचकीत पाटी. आत्याने पाटीकडे पाहिलंही नाही. गाठोडं डोक्यावर घेऊन ती दगडापाशी गेली आणि थांबली. आडवी शिळा तिच्या गुडघ्याला लागत होती. इतक्या उंचीवर कुणाचं तरी डोकं आपटेल म्हणून सुरक्षावाल्यांनी उभ्या शिळा कापून घेतल्या होत्या. परवानगी त्यांनी मेसेजवर मागितली होती, आणि यशोवर्धनने मीटिंगमध्ये बसल्या बसल्या अंगठा पाठवून दिला होता. शिळेवर एक मुलगी कॉफी पीत बसली होती. आत्याला पाहून ती उठली.

“कापलास,” आत्या म्हणाली.

 लाजेने त्याचा चेहरा पेटला होता. जे वाचवलं म्हणून मिरवत होतो ते आपणच मोडलं, आणि ते आता कशानेही जोडलं जाणार नाही, हे त्याला अगदी स्वच्छ कळलं. आत्याचे पाय लटपटायला लागले होते. वाकली असती तर गाठोडं घेऊन कोसळलीच असती.

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, अगदी भिडून, आणि मान ताठ धरली. हात मागे बांधून घेतले. मदत घ्यायची नसते, हे त्याला गाडीतच समजलं होतं.

आत्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग टाचा उचलल्या, मान पुढे सरकवली आणि गाठोडं त्याच्या डोक्यावर गेलं. ते वाटलं होतं त्याच्या दुप्पट जड होतं. आत्या हळूच आडव्या शिळेवर त्याच्या सावलीत बसली, पिशवीतून बाटली काढून घोटभर पाणी प्याली. ऑफिसातली माणसं थांबून बघत होती. यशोवर्धन हलला नाही.

आत्याचा फोन वाजला. हर्षिता होती. तिचा आवाज त्याला उभ्या जागी ऐकू येत होता.

“आत्या, टेकवलंस का गं? दगडावरच ना?”

आत्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“हो गं बाळा,” ती म्हणाली, “दगडावरच.”