इन्शिराहच्या वाटणीचं कपाट

"थांबा रे, थांबा! कठडा मोडाल!"

इन्शिराह दारातून ओरडली, पण जिन्यातल्या कालव्यात तिचं कोण ऐकणार? दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर कपाट अडकून बसलं होतं. राखाडी रंगाचं, दोन दारांचं, माणसाहून उंच असं लोखंडी कपाट. वरचा हमाल म्हणत होता आडवं करा, खालचे दोघे म्हणत होते उभं करा, आणि कपाट भिंतीचा गिलावा खरवडत जागच्या जागी कुरकुरत होतं.

"हाज्जा, रिकामं आहे ना हे? की आत सासूबाईंना बसवलंय?" वरच्या हमालानं घाम पुसत विचारलं.

"मला काय विचारतोस? मी नाही मागवलं."

"मी मागवलं!" कपाटाच्या पलीकडून ममदूहचा आवाज आला. हा तिचा धाकटा भाऊ, सौदीत दम्मामला नोकरी करणारा. सुटी काढून कालच अलेक्झांड्रियाला आला होता. थोरल्या बहिणीला तो अब्ला म्हणे. "भेट आहे, अब्ला! तुझ्यासाठी! तू फक्त जरा बाजूला हो."

बाजूला कुठं होणार? पाठीमागं घर आणि पुढं कपाट. माशांसाठी लिंबं आणायला तिला खाली उतरायचं होतं, तेही राहून गेलं. वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशवी घेऊन उतरली, कपाट पाहून "या अल्ला" म्हणाली आणि पायरीवर बसून राहिली.

शेवटी कठड्याचा एक गज वाकवून कपाट वर आलं. मग ते मागच्या खोलीच्या दारातून आत जाईना.

"बरं झालं," इन्शिराह म्हणाली, "परत पाठव."

"परत कसलं? तुझ्या खोलीत ठेवू."

तिच्या खोलीत एक खाट, एक पेटी आणि बाल्कनीचं दार. एवढं मोठं कपाट राहील अशी भिंत एकच होती, आणि त्याच भिंतीला ते दार होतं. हमालांनी कपाट रेटलं तेव्हा दाराची एक झडप पूर्ण झाकली गेली. दुसरी उघडायची, पण माणसाला अंग चोरून जावं लागलं असतं.

"बघ, थंडीत वारा पण कमी येईल," ममदूह म्हणाला, आणि हमालांना बक्षिसी द्यायला बाहेर गेला.

इन्शिराह कपाटाकडे बघत उभी राहिली. नव्या रंगाचा उग्र वास खोलीभर पसरला होता.

तिचे वडील मीना अल-बसलच्या कापसाच्या गोदामात कारकून होते, आणि कागद फाडणं म्हणजे त्यांना पाप वाटे. ट्रामचे पास, रेशनकार्डं, मुलांच्या लशींचे दाखले, आजोबांचा निकाहनामा, कुणाकुणाच्या लग्नांचे, सुंतांचे, हजहून परतल्याचे फोटो, सगळं त्यांनी ठेवलं. आई त्यांच्या वरताण. प्रत्येक मुलाचं पहिलं जावळ तिनं सिगारेटच्या पत्र्याच्या डब्यात जपलं होतं. वडील गेले, मागोमाग आईही गेली, आणि मागच्या खोलीतलं हे सारं इन्शिराहकडे आलं. तिला कुणी सोपवलं नाही, कुणी विचारलंही नाही. लग्न झालेलं नव्हतं, घरात राहत होती, एवढंच.

आणि अलेक्झांड्रियाची हवा म्हणजे कागदाची वैरीण. हिवाळ्यात नव्वा सुरू झाला, म्हणजे समुद्रावरून वादळ आलं, की भिंतींना घाम फुटे. फोटो काचेला चिकटत, निगेटिव्हवर पांढरी बुरशी धरे, कागदांत कसर शिरे. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाल्यापासून इन्शिराहचे दिवस यातच जात. जुन्या अल्बमच्या चिकट पानांमागून दोरा हळूहळू ओढत ती फोटो सोडवी. ओले झालेले गार पाण्यात अलगद वेगळे करून सुती कापडावर, चेहरे वर करून, सावलीत वाळत घाली. मऊ पेन्सिलीनं पाठीमागं कडेला नावं लिही. मग सगळं जुन्या चादरींच्या धुतलेल्या तुकड्यांत गुंडाळून ठेवी. बाहेर कुठं जायचं म्हटलं तर आधी आभाळाकडे बघे. एकदा चुलतबहिणीकडे दोन दिवस राहायला गेली आणि परत आली तर खिडकीतून पाणी येऊन दोन खोकी भिजलेली. तेव्हापासून तिनं रात्र बाहेर काढली नव्हती.

पण गेलं वर्षभर ती हे काम वेगळ्याच उमेदीनं करत होती. त्या उमेदीला कारण होतं बहिया.

बहिया म्हणजे एक्सचेंजमधली तिची शेजारीण. सगळी नोकरी दोघींनी खुर्चीला खुर्ची लावून, कानावर यंत्रं चढवून काढलेली. तिच्या नवऱ्याचं फयूमच्या तळ्याकाठी एक छोटं घर होतं. विधवा झाल्यावर तिनं तिथं जायचं ठरवलं होतं. "दोन खोल्या आहेत," ती म्हणाली होती. "एक माझी, एक तुझी. पुढं आंब्याचं झाड आहे. कोरडी हवा. तुझे ते गुडघे आठवड्यात धावायला लागतील." इन्शिराहनं हो म्हटलं होतं. फक्त आधी घरच्या वस्तूंच्या वाटण्या करायच्या, ज्याचं त्याला द्यायचं, आणि निघायचं.

तोच दिवस आज होता. तांताहून धाकटी बहीण अफकार सकाळच्या गाडीनं आली होती. जेवणाला सय्यादिया भात आणि तळलेले मासे केले होते. जेवणं झाली, पुदिन्याचा चहा आला, आणि इन्शिराहनं फोटो बाहेर काढले.

"हा बघ, हा बघ! ममदूह, तुझ्या चड्डीला नाडी पण नाही!"

"आणि तू? नाकातलं पुसायला कुणी नव्हतं का तुझं?"

हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आईचा एक फोटो आला, गच्चीवर कबुतरांना दाणे टाकतानाचा, आणि ते पाणी वेगळं झालं. अफकारनं तो छातीशी धरला. ममदूह खिडकीशी जाऊन उभा राहिला. इन्शिराहला वाटलं, आता बोलावं. तिनं मागच्या खोलीतून दोन खोकी आणली आणि दोघांच्या पुढ्यात ठेवली.

"ममदूह, हे तुझं. अफकार, हे तुझं. लहानपणचे फोटो, दाखले, जावळाच्या डब्या. बाबांच्या जपमाळा एकेक घातल्यात. आजीच्या बुरख्याची, नाकावर बसायची ती सोन्याची नळी अफकारला, बाबांची लाल टोपी, टर्बूश, ममदूहला."

"आमचं म्हणजे?" ममदूहनं विचारलं.

"म्हणजे घरी न्यायचं."

मग अफकारनं फोटो हळूच परत खोक्यात ठेवला.

"अगं अब्ला, माझ्याकडे नातवंडांचा धुमाकूळ असतो. परवा माझ्या चष्म्याच्या दोन्ही काड्या मोडल्या त्यांनी. हे त्यांच्या हाती लागलं तर चिंध्या होतील."

"आणि मी तर परक्या देशात," ममदूह म्हणाला. "कंपनीचं घर, आज आहे उद्या नाही. म्हणूनच तर कपाट आणलं! एकदम पक्कं आहे. कसर नाही, पाणी नाही. तू सगळं आत लावून टाक, तुला आता काही त्रास नाही."

अफकारनं उठून तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं. "तू म्हणजे या घराची आठवण आहेस, अब्ला. तू नसलीस तर आम्ही कुणाला काय विचारणार?"

इन्शिराहच्या मांडीवर रिकामा ट्रे होता. ती त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"मी फयूमला जाणार आहे," ती म्हणाली. "बहियाकडे."

"जा की! हवापालट हवाच तुला. किती दिवस?"

"राहायला."

ममदूहला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो तिच्यासमोर येऊन बसला.

"आणि घर? तुला माहीत आहे ना, भाडं जुनं, मालक टपूनच बसलाय. दाराला कुलूप दिसलं की तो कोर्टात धावणार. बाबांचं सगळं सामान जिन्यात फेकलेलं चालेल तुला?"

"मग तुमच्यापैकी कुणी येऊन राहा."

"अब्ला, शहाण्यासारखं बोल. कसं शक्य आहे?"

"लोक काय म्हणतील?" अफकार म्हणाली. "भाऊ-बहीण जिवंत असताना परक्या बाईच्या घरी? आणि आईनं विश्वासानं तुझ्यावर सोपवलं होतं सगळं..."

"आईनं मला काही सोपवलं नाही," इन्शिराह म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण अफकार बोलायची थांबली. "आई फक्त गेली. आणि मी इथं होते."

खाली रस्त्यावरून गॅसवाला सिलिंडरवर पाना वाजवत गेला.

मग ममदूह अगदी हळू म्हणाला, "तुला कपाट आवडलं नाही का?"

त्यानं हे विचारलं नसतं तर ती कदाचित आणखी बोलली असती. पण त्याचा चेहरा असा पडला होता, की पन्नाशीचा टकला माणूस जाऊन तिथं एकदम शाळेतला मुलगा बसल्यासारखा वाटला. त्या मुलाला तिनं हाताला धरून शाळेत पोचवलं होतं, त्याच्या डब्यात चीज आणि पाव भरला होता.

"आवडलं," ती म्हणाली. "छान आहे."

आणि विषय तिथंच संपला. अफकार संध्याकाळच्या गाडीनं गेली. ममदूह आठवडाभर राहिला, मित्रांना भेटला, मासे खाल्ले आणि गेला. खोकी जिथं ठेवली होती तिथंच राहिली.

बहिया आली तेव्हा खोलीच्या दारातच थबकली.

"हे काय गं?"

"ममदूहनं दिलं."

बहियानं कपाटाला एक फेरी मारायचा प्रयत्न केला, पण फेरी मारायला जागा नव्हती. तिनं बोटाच्या पेरानं दारावर टकटक केलं. "म्हणजे लग्न लावून दिलं म्हण की तुझं! नवरा चांगला धट्टाकट्टा निवडलाय. बोलत नाही, हलत नाही, आणि तुला घराबाहेर पाऊल टाकू देत नाही."

इन्शिराह हसली. हसता हसता खाटेवर बसली आणि मग तिला हसू थांबवता येईना. बहियानं शेजारी बसून तिची पाठ थोपटली.

"ईदनंतर येते मी," इन्शिराह डोळे पुसत म्हणाली. "काहीतरी मार्ग काढते."

"काढ. पण मी तिथं एकटी नाही राहू शकत गं, रात्री पाल चुकचुकली तरी मला धडधडतं."

मार्ग निघाला नाही. इन्शिराहनं चुलतभावाच्या मुलाला घरात राहायला विचारलं. त्याला कैरोत नोकरी लागली. अफकारला पुन्हा फोन केला. ती फोनवर रडली. ईदनंतर बहिया म्हणाली की तिची नणंद यायला तयार झाली आहे. इन्शिराह तिला निरोप द्यायला बसथांब्यावर गेली. वाटेसाठी वांग्याचं लोणचं आणि उकडलेली अंडी बांधून दिली.

"नणंद घोरते," बहिया खिडकीतून म्हणाली. "आगगाडीसारखी."

"कानात कापूस घाल."

"तू ये गं चार दिवस तरी."

"येते."

दोघींनाही माहीत होतं. बस वळणावरून दिसेनाशी झाल्यावर इन्शिराह चालत घरी आली. मधल्या वळणावर वाकलेल्या गजापाशी दम खायला थांबली आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं कपाट भरायला घेतलं. ते तिनं नीटच केलं. वाईट करणं तिला जमत नसे. रंगाचा वास जाईपर्यंत दारं उघडी ठेवली, फळ्यांवर सुती कापड अंथरलं, जड अल्बम खाली, फोटोंची पाकिटं वर, निगेटिव्ह वेगळ्या डब्यात. ममदूहचं आणि अफकारचं खोकं मधल्या फळीवर. लोखंडालाही घाम येतो हे तिला पहिल्याच वादळात कळलं, म्हणून तिनं आत चुन्याच्या वाट्या ठेवल्या. रोज सकाळी ती दारं उघडून तासभर वारा लागू देई, पुन्हा बंद करी.

एका शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर ममदूहचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या घरी पाहुणे होते. मुलीला सोयरीक आली होती आणि मुलाकडच्यांना घराणं दाखवायचं होतं.

"अब्ला, जरा ते आजोबांच्या काळचे फोटो दाखव ना. ते लग्नातले, जिन्यावरचे."

तिनं पाकीट काढलं आणि एकेक फोटो फोनसमोर धरत गेली. ममदूह पाहुण्यांना सांगत होता, हे आजोबा, हे त्यांचे भाऊ, मोठे व्यापारी. आजोबांचे भाऊ बंदरावर गोण्या मोजत, पण ती काही बोलली नाही. मग धाकट्या आत्याच्या लग्नाचा फोटो आला. नवरानवरी जिना उतरताहेत, डफवाले पुढं, आणि नवरीच्या ओढणीशेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी दोन्ही हातांनी मोठी मेणबत्ती धरून उभी आहे. झालर लावलेला पांढरा झगा. मेण हातावर ओघळलं असावं, कारण तोंड वाकडं झालंय; पण मेणबत्ती सरळ आहे.

"अरे वा, किती गोड!" पलीकडून बायकी आवाज आला. "ही कोण?"

"अब्ला, ही मेणबत्तीवाली मुलगी कोण गं?" ममदूहनं विचारलं. "आपल्यातलीच का?"

इन्शिराहनं फोटो फोनपासून दूर घेऊन पाहिला. त्या झग्याची झालर आईनं आदल्या रात्री जागून लावली होती. हाताला फोड आला होता, त्यावर आजीनं टोमॅटोची चकती चोळली होती. सगळी रात्र इन्शिराह रडली होती, आणि सगळे म्हणाले होते, शाबास, मेणबत्ती पडू नाही दिलीस.

"अब्ला? आवाज येतोय ना?"

"येतोय," ती म्हणाली. "कोण कुणास ठाऊक, बाबा. आठवत नाही."

"तुला आठवत नाही?" ममदूह हसला. "तुला? बरं, असू दे, पुढचा दाखव."

तिनं पुढचा दाखवला, त्याच्यापुढचा दाखवला. पाहुण्यांनी सलाम केले, तिनं उलट सलाम केले, मुलीला दुवा दिली. फोन बंद झाला.

मग तिनं तो फोटो पुन्हा हातात घेतला आणि पालथा केला. पाठ कोरी होती. हा एक कसा कोण जाणे राहून गेला होता. तिनं पेन्सिल उचलली, टोक बोटावर टेकवून पाहिलं. मग पेन्सिल खाली ठेवून तिनं फोटो कोऱ्या पाठीनिशीच पाकिटात सरकवला आणि पाकीट त्याच्या जागी ठेवलं.