शेरा: फक्त पाणी

रेवा चेन्नईत पहिला तमिळ शब्द शिकली तो तण्णि. तण्णि म्हणजे पाणी. एग्मोरच्या बायकांच्या हॉस्टेलात पहिल्याच जेवणाला सांबार असं काही तिखट होतं की हा शब्द शिकल्यावाचून गत्यंतरच नव्हतं. पुढे आणखी वीसेक शब्द जमले आणि तेवढ्यावर तिचं निभायला लागलं. त्याचा तिला थोडा तोराही होता.

ती मूळची नाशिकची, पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. झालेली. व्यसनाच्या मानसशास्त्रात संशोधन करायचंय म्हटल्यावर पुण्यातल्या सरांनी आधी दोन वर्षं बिनपगारी काम कर, मग बघू, असं सांगून तिची बोळवण केली होती. दोन हजार सहाच्या जूनमध्ये चेन्नईच्या एका व्यसनमुक्ती केंद्राची जाहिरात निघाली, संशोधन सहायक, एक वर्ष. भाषा येत नाही, माणसं ओळखीची नाहीत, आणि तरी ही निघाली. नव्या पोरांना या क्षेत्रात दार मिळत नाही, फट मिळते. त्या फटीतून शिरायचं तर अंग चोरावं लागतं, आणि पहिल्याच कामात चमकून दाखवावं लागतं. रेवाला चमकायची घाई होती.

काम साधं होतं. उपचार घेऊन घरी गेलेल्या माणसाच्या घरी दर महिन्याला फोन करायचा. पितोय की नाही, एवढंच विचारायचं. पीत नसेल तर फॉर्मवर शून्य, पीत असेल तर एक. एक पडला की दोन दिवसांच्या आत केंद्राचा माणूस घरी जाई आणि बहुतेक वेळा रुग्णाला परत घेऊन येई. शून्य पडला की पुढच्या महिन्यापर्यंत कुणी तिकडे फिरकत नसे. फॉर्मला सात रकाने होते. सहावा शेऱ्याचा. सातवा 'मुलाखतकाराने काय उत्तर दिले' असा होता, आणि तो कुणीच भरत नसे. रेवाही भरत नसे.

फोन करता करता तिच्या लक्षात आलं की केंद्रात मराठी घरंही बरीच येतात. रेल्वेतली, बँकेतली, संरक्षण कारखान्यातली. काही महाराष्ट्रातून बदलीवर आलेली, पण बरीचशी जुनी तंजावरची, तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहिलेली. ह्या घरांत फोन हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये शेजारी बसलेले. तमिळमध्ये नवऱ्याच्या पिण्याबद्दल बोललं की शेजाऱ्याला कळणार. मराठीत बोललं तर कुणाला कळणार? म्हणजे मराठीत विचारलं तर बाई खरं सांगेल, आणि खरं बोलणाऱ्या घरात माणूस टिकेल. केंद्रप्रमुख डॉ. हेमावती कौतुकाच्या बाबतीत हात आखडता असलेल्या बाई, पण ही कल्पना ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि कर म्हणाल्या.

एकोणीस घरं मिळाली. पाच महिन्यांत चौदा ठिकाणी शून्य पडला. इतर रुग्णांत निम्मेसुद्धा टिकत नव्हते. हेमावतींनी तिच्याकडून निबंध लिहून घेतला, आणि त्याच्या जोरावर एका मोठ्या संस्थेत दोन वर्षांच्या संशोधनवृत्तीसाठी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. येत्या सोमवारी. ती मिळाली की पुढे पीएच.डी. नाशिकला आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

एकोणीस जणांत तिच्या जिव्हाळ्याचे होते माधवराव. रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क, वय बावन्न, तंजावरकडचे. वॉर्डात असताना रोज सकाळी नऊला तिला "जेवण झालें?" म्हणून विचारायचे आणि ती नाही म्हणाली की हळहळायचे. तिचं बोलणं त्यांना भरधाव वाटे. "तुमची मराठी धांवते मा," ते म्हणायचे, "आमची बसून आहे." जाताना त्यांनी वॉर्डातली शिकवण तिला पाठ म्हणून दाखवली होती. तलफ आली की आधी दोन ग्लास पाणी प्यायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. रेवाने टाळ्या वाजवल्या होत्या.

गुरुवारी सकाळी हेमावतींनी तिला बोलावलं आणि माधवराव रविवारी गेल्याचं सांगितलं. रक्ताची उलटी झाली, इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. दीड महिना रोज पीत होते म्हणे.

रेवाने त्यांचा फॉर्म काढला. शेवटचा फोन चार आठवड्यांपूर्वीचा. शून्य. शेरा तिच्याच सुरेख अक्षरात, 'तलफ आली की फक्त पाणी घेतात.' तिला फार वाईट वाटलं, ते खरंच. पण वाईट वाटण्याच्या जोडीला रागही आला. बायको खोटं बोलली. मराठीत विचारूनही खोटं बोलली. माणूस गेला होता आणि रेवा मनातल्या मनात चौदाचे तेरा करत होती. कुणी तोंडावर म्हटलं असतं तर तिने ते कबूल केलं नसतं.

दुपारी ती अयनावरमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेली. माधवरावांच्या पत्नी कनकामामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी रेवाला ओळखलं नाही, कारण पाहिलं नव्हतं. आवाज ऐकला आणि ओळखलं.

"फोनवाल्या तुम्हीच ना? बसा मा. इतक्या लांब उन्हांत आलांत."

रेवा बसली. ती म्हणाली, "मामी, तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी लगेच माणूस पाठवला असता."

कनकामामींनी मान वर केली. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "सांगितलें की. तुम्ही विचारलें, संध्याकाळीं कांहीं घेतात का. मी म्हणालें, तण्णि घेतात."

"हो. पाणी. तसंच मी लिहिलंय."

"पाणी?" मामी म्हणाल्या. "पाण्याला आम्ही पाणीच म्हणतों मा. घरांत पाणी म्हणतों, देवाला पाणी म्हणतों. तण्णि म्हणजे तें. इथें सगळे तसेंच म्हणतात. दुसरा शब्द या घरांत कुणी उच्चारला नाहीं. मला लाज वाटते."

तो फोन रेवाला शब्दन् शब्द आठवला. संध्याकाळी तण्णि घेतात, असं मामी हलक्या आवाजात म्हणाल्या होत्या. रेवाने विचारलं होतं, फक्त तण्णि ना, दुसरं काही नाही? दुसरें कांहीं नाहीं, तण्णिच, असं उत्तर आलं होतं. मराठी बाई मराठीत बोलता बोलता मध्येच तमिळ शब्द का घालतेय, हे विचारायला हवं होतं. पण तो शब्द तिला येत होता. येत असल्याचा आनंदच झाला होता.

"तुम्ही म्हणालांत, छान," मामी म्हणाल्या. "असेंच चालू राहूं द्या म्हणालांत. मी दोन दिवस विचार केला. शिकलेल्या आहांत, डॉक्टरांच्या तेथें बसतां. औषधासोबत थोडी चालत असेल, एकदम सोडवायची नसेल, असें वाटलें. आधीं मी भांडत होतें त्यांच्याशीं. मग भांडणें सोडलें. संध्याकाळीं मीच ग्लास धुऊन ठेवूं लागलें."

त्यांनी रेवाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. उलट उठून आत गेल्या आणि तिच्यासाठी पेलाभर पाणी घेऊन आल्या. रेवाने तो पेला तसाच बाजूला ठेवला.

संध्याकाळी तिने हेमावतींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तण्णि म्हणजे दारू, हे इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तुला ठाऊक नसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती चूक माझी." मग त्यांनी विचारलं, "असे शेरे आणखी किती आहेत?"

आणखी आठ होते. आठही जुन्या तंजावरच्या घरांतले, आणि आठही ठिकाणी तिने 'पाणी' लिहिलं होतं. त्या बायका तोंडाने नेमकं काय म्हणाल्या होत्या, ते कागदावर नव्हतं. तमिळ शब्द मराठी फॉर्मवर बरा दिसत नाही म्हणून तिने तो स्वच्छ करून घेतला होता.

"मुलाखत सोमवारी आहे," हेमावती म्हणाल्या. "हे फोन त्याआधी करायचे की नंतर, ते तू ठरव. मी विचारणार नाही."

नंतर करता आले असते. कुणाला कळलं नसतं. रात्रभर तिने स्वतःची समजूत घालून पाहिली, की मोजून तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. मग तिला आठवलं की माणूस घरी पाठवायची मुदत दोनच दिवसांची असते.

शुक्रवारी सकाळी ती फोनपाशी बसली. प्रत्येक घरी एकच विचारलं, तुम्ही तण्णि म्हणाला होतात, ती कुठली? पाच घरांत बायका हसल्या. म्हणाल्या, प्यायचें पाणी हो, दुसरें काय. सहाव्या घरी फोन धरलेल्या बाईने आवाज खाली आणला. तिच्यामागे टीव्ही चालू होता. मग ती म्हणाली, "तेंच मा." सातव्या घरीही तेंच. आठव्या घरची बाई तिचा आवाज ओळखून आपण होऊन बोलली, "तुम्ही सांगितल्याप्रमाणें चालू आहे हो. रोज थोडीच देतें."

रेवाने तिन्ही पत्ते घरी जाणाऱ्या माणसाच्या हातात दिले आणि तो निघेपर्यंत दारात उभी राहिली. चौदाचे दहा झाले. त्या दहांवर तरी आता कोण विश्वास ठेवणार? तिने निबंध मागे घेतल्याचं पत्र लिहिलं, मुलाखतीला येत नसल्याचं दुसरं लिहिलं, आणि दोन्ही पाकिटं हेमावतींच्या टेबलावर ठेवली. नाशिकला काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं.

शेवटी माधवरावांचा फॉर्म उरला. तिने शून्य खोडून एक केला. सहाव्या रकान्यातलं 'फक्त पाणी' खोडून वर 'तण्णि' लिहिलं, जसं ऐकलं होतं तसं. मग सातवा रकाना आला, मुलाखतकाराने काय उत्तर दिले. पाच महिन्यांत तिने तो एकदाही भरला नव्हता. तिने तिथे लिहिलं, छान.