बिनचेनची स्लीपिंग बॅग

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता महादू देवगड बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात झोपायला आला, तेव्हा मालक अजयने आधी त्याचं तोंड हुंगलं.

"सकाळीच पिलंस काय रे?"

"नाय रे. हिका विचार," महादूने मुलीकडे बोट दाखवलं.

किशोरीने खुलासा केला. नऊ जूनला ती आणि बाबा हिमाचलमध्ये पाच दिवसांच्या ट्रेकला जाणार होते. तिथे रात्री तापमान शून्यापर्यंत उतरतं. त्यांच्या मिठबाव गावात मेच्या उकाड्यात स्लीपिंग बॅग ऊब देते की नाही ते कळणार कसं? तालुक्यात थंड जागा एकच, अजयची बर्फाच्या लाद्या ठेवायची खोली. उणे चार.

"हो म्हातारो हिमालयात जातलो? बर्फ बघूक?" अजय हसला. "मगे हयसर काय दगड आसत?"

महादू छप्पन्न वर्षांचा. पस्तीस वर्षं त्याने होडीत बर्फ भरला, पण डोंगरावर पडलेला बर्फ कधी पाहिला नव्हता. तो बघायची इच्छा त्याने आयुष्यात एकदाच बोलून दाखवली होती आणि किशोरीने ती लक्षात ठेवली होती. ती जामसंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे बाबा मोकळे. अडचण त्यांच्या गुडघ्यांची. पाठीवर वजन कमी हवं. म्हणून शेजारच्या बागायतदाराच्या आंबे तोलायच्या काट्यावर तिने एकेक वस्तू तोलली होती. स्लीपिंग बॅग तिच्या शाळेतल्या कौस्तुभ सरांकडून उसनी आणलेली. एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅम.

महादू बॅगेत शिरला. किशोरीने चेन गळ्यापर्यंत ओढली. दहा मिनिटं तो पडून होता. मग त्याने बाहेर येण्यासाठी चेन ओढली आणि तिच्यात आतलं कापड अडकलं.

"थांबा, मी काढते," किशोरी म्हणाली.

तो थांबला नाही. कमरेची जाळं कापायची सुरी त्याच्या हातात कधी आली ते तिला दिसलंच नाही. बॅग छातीपासून पायापर्यंत फाटली. पांढरी पिसं बर्फाच्या लाद्यांवर उडाली. महादू उठून भिंतीला टेकला. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता.

"माका जमाचा नाय," तो म्हणाला. "तू जा."

परतताना कुणकेश्वराच्या किनाऱ्यापाशी त्याने स्कूटर थांबवायला लावली.

"सात वर्सां झाली," समुद्राकडे बघत तो म्हणाला. "हयच, समोर. जाळा सोडताना दोरी पायात गुतली आणि जाळ्याबरोबर मी खाली गेलंय. होडयेवरच्या बाबून उडी मारून दोरी कापल्यान. तुका पाय मुरगळलो म्हणान सांगलेला. आज चेन अडाकली तेवा माका पाणीच दिसला गो."

किशोरीने स्कूटर पुन्हा सुरू केली. ट्रेक नेणाऱ्या संस्थेला शुक्रवारपर्यंत नक्की किती जण ते कळवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी फाटकी बॅग घेऊन ती कौस्तुभ सरांच्या घरी गेली. सगळं सांगितलं आणि नवी घेऊन देण्याचं कबूल केलं. सरांनी बॅग ओटीवर पसरली. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"एका ओढीत कापलीय. सुरीला धार काय आहे!" ते म्हणाले. "बॅगेचं राहू दे. चेन नसलेल्या बॅगा मिळतात. पण आधी बाबांना विचार, त्यांना चेन नको आहे की बांधलेलं असणं नको आहे?"

"एकच ना सर?"

"नाही. आणून दाखवतो."

गुरुवारी ते कोल्हापूरच्या मित्रांकडून मागवलेल्या दोन बॅगा घेऊन स्वतः बर्फाच्या कारखान्यात आले. दोन्ही बिनचेनच्या, म्हणून महादूही एकदा बघायला तयार झाला होता. पहिली म्हणजे नुसती लांब पिशवी, तोंडातून आत सरकायचं. सहाशे वीस ग्रॅम. दुसरीला गुडघ्यापर्यंत खोळ होती, वर मात्र ती मोकळी, गोधडीसारखी अंगावर ओढून घ्यायची. आठशे चाळीस.

किशोरीचा जीव पहिलीवर होता. दिवसाला बारा किलोमीटर चालायचं, गुडघे तसले, आणि दोनशे वीस ग्रॅम म्हणजे एक भरलेला आंबा पाठीवर.

महादूने पहिलीत पाय घातले. कमरेपर्यंत सरकला. थांबला. त्याचा हात कमरेकडे गेला. सुरी तिथे नव्हती, किशोरीने ती स्कूटरच्या डिकीत ठेवली होती.

"काढा," सर लगेच म्हणाले. "ही नको."

दुसरीत तो आडवा झाला. सर म्हणाले, "आता मी टाळी वाजवली की बाहेर यायचं."

टाळी वाजली. चार सेकंद. पुन्हा वाजली. तीन.

"चाबकासारखो!" दारातून अजय ओरडला.

मग उबेची परीक्षा. कुशीवर वळलं की कडेने गार वारा आत येत होता. सरांनी गुडघे टेकून ती कड महादूच्या पाठीखाली कशी खोचायची ते दाखवलं. तीन वेळा दाखवलं, मग त्याच्याकडून करून घेतलं. "आता अर्धा तास," ते म्हणाले आणि सगळे बाहेर आले. दार त्यांनी उघडंच ठेवलं. थंडी वाया जातेय हे अजयला दिसत होतं, पण त्याने दार लोटलं नाही.

चाळीस मिनिटांनी अजय म्हणाला, "किशोरी, बापूस घोरता गो तुझो. माका लाद्यो काढूच्यो आसत. उठव त्येका."

महादू डोळे चोळत बाहेर आला. हात गरम होते. किशोरीने ते धरून पाहिले.

"हीच व्हयी," तो म्हणाला.

"दोनशे वीस ग्रॅम जास्त आहे, बाबा."

"मगे एक शर्ट कमी घेतंय."

सर गाडीकडे निघाले होते. महादू त्यांच्यामागे गेला. मास्तरांशी बोलायचं म्हणून त्याने प्रमाण मराठी काढली. "सर, तुमची वस्तू मी फाडली, आणि तुम्ही मला..." इथे ती मराठी संपली. "बरा केलात ओ. लय बरा केलात."

"माझा कोल्हापूरचा मित्र ही बॅग परत मागणार नाही," सर म्हणाले. "तो आता ट्रेक सोडून बोटीवर नोकरीला जातो."

"बोटीवर? मगे सांगा त्येका, पायाकडे बघ म्हणान."

किशोरीचा फोन वाजला. ट्रेकच्या संस्थेतून विचारत होते, एक की दोन. ती उत्तर देणार, तोच महादूने हात पुढे केला. फोन कानाला लावून त्याने घसा साफ केला.

"मी महादू बोलतो. मिठबावहून," तो म्हणाला. "आम्ही दोघे येणार आहोत."